‘एम’चं पान घोकण्याआधी

परीक्षा जवळ आली की नांदेड-लातूरच्या झेरॉक्सच्या दुकानांतून इंग्रजी शब्दांच्या याद्या निघू लागतात. एपासून झेडपर्यंत शब्द आणि प्रत्येकासमोर एकच मराठी अर्थ. लेकरू पहाटे उठून ‘एम’चं पान काढतं आणि मोठ्यानं सुरू होतं: मॉइस्ट म्हणजे ओलसर, मॉडेस्ट म्हणजे नम्र, मॉडरेट म्हणजे मध्यम. संध्याकाळी विचारा, मॉइस्ट नम्र झालेला असतो आणि मॉडेस्ट मध्यम. आवाज येतोय म्हणजे अभ्यास होतोय, हा आपल्याकडचा फार जुना समज आहे.

पालकांनो, ती यादी फाडू नका, पण घोकायलाही लावू नका. अक्षरक्रम असतो तो शब्द सापडावा म्हणून. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला, कँडीचा इंग्रजी-मराठी कोश 1847 साली. दोघांनीही शब्द अक्षरवार लावले ते शोधणाऱ्याची सोय म्हणून. पाठ करणाऱ्याची त्यात गैरसोयच आहे. एका आळीत राहणारे सगळे भावकीतले नसतात, आणि भावकीतले निम्मे तर पुण्या-मुंबईला गेलेले असतात. मूव्ह, मूव्हमेंट, मूव्हेबल हे ‘एम’मध्ये सापडतील. पण रिमूव्ह ‘आर’मध्ये आहे, आणि जमिनीच्या इंग्रजी कागदावर दिसणारा इम्मूव्हेबल, म्हणजे स्थावर, ‘आय’मध्ये. मेमरी इथं, रिमेंबर तिथं. एक अक्षर घेऊन बसलेल्या मुलाला ही भावकी कधी भेटतच नाही.

शिवाय आपल्या घरात ‘एम’चे शब्द आधीच येऊन बसलेत, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. लातूरच्या आडतीवर सोयाबीन घालायला गेलेला कोणताही शेतकरी ‘मॉइश्चर’ हा शब्द जाणतो, कारण त्यावर त्याचा भाव ठरतो. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा 12 टक्के धरतात. 2024 च्या हंगामात केंद्रानं ती 15 टक्क्यांपर्यंत वाढवून दिली, तेव्हा गावागावात हाच शब्द चालू होता. त्याच शेतकऱ्याचं लेकरू घरी ‘मॉइस्ट म्हणजे ओलसर’ असं शंभरदा म्हणतं आणि विसरतं. बापानं एकदा सांगितलं की मॉइस्ट हे विशेषण, मॉइश्चर हे नाम, आणि तोंडाला लावायच्या मॉइश्चरायझरच्या पोटात मॉइश्चराइज हे क्रियापद आहे, तर ते पोरगं हे तिन्ही शब्द विसरेल असं मला वाटत नाही.

घरातल्या शब्दांना एक धोकाही आहे. मराठीत आल्यावर त्यांनी आपली जात बदललेली असते. ‘मेडिकलवरून गोळी आण’ म्हणतो तेव्हा मेडिकल म्हणजे औषधाचं दुकान. ‘शेजारचं पोरगं मेडिकलला लागलं’ म्हणतो तेव्हा तेच एमबीबीएसचं कॉलेज होतं. लातुरात तर दोन्ही अर्थ एकाच वाक्यात येऊ शकतात आणि कुणाचा गोंधळ होत नाही. इंग्रजीत मात्र मेडिकल हे मुळात विशेषण आहे; त्याच्यापुढं स्टोअर, कॉलेज, रिपोर्ट असं काहीतरी लागतं. मेडिसिन हे नाम, मेडिकली हे क्रियाविशेषण, मेडिकेटेड म्हणजे औषध घातलेलं. उपाय या अर्थाचा रेमेडी हा याच घराण्यातला, पण राहतो ‘आर’मध्ये.

‘मॅनेज’चं तर विचारूच नका. आपल्याकडं टेंडर मॅनेज होतं, निवडणूक मॅनेज होते, पंचनामासुद्धा मॅनेज होतो. पाठ्यपुस्तकात ‘ही मॅनेज्ड टु कॅच द बस’ असं आलं की मुलाला वाटावं, यानं कंडक्टरला काही दिलं असणार. तिथं अर्थ एवढाच, की त्यानं कशीबशी बस गाठली. मॅनेज म्हणजे सांभाळणं, निभावणं, आणि सगळ्यांत जवळचा आपला शब्द हाताळणं.

हाताळणं म्हणालो ते उगाच नाही. लॅटिनमध्ये हाताला ‘मानुस’ म्हणतात. आपल्या माणसाशी त्याचा संबंध नाही, नुसता कानाला सारखा लागतो. या हातातून ‘एम’मधला केवढा गोतावळा निघालाय बघा. मॅन्युअल म्हणजे हातानं करायचं. मॅन्युस्क्रिप्ट म्हणजे हस्तलिखित. मॅन्युफॅक्चर म्हणजे आधी हातानं बनवणं आणि मग कारखान्यात बनवणं. मॅनेज इटालियनमधून आला, तिथं तो घोडा हाताळण्यासाठी वापरत. मेन्टेन म्हणजे हातात धरून ठेवणं, म्हणून टिकवणं. आणि शेणखताला म्हणतात तो मॅन्युअरसुद्धा यातलाच. आधी त्याचा अर्थ जमीन हातानं कसणं असा होता, पुढं तो खतावर येऊन थांबला. मराठीत हातोटी, हातखंडा, हातभार, हाताळणी हे शब्द आपण वेगवेगळे पाठ केले होते का? ही सहा नावं एका पानावर लिहायला दहा मिनिटं लागतात.

मेन्टेन लिहिताना एक काळजी घ्या. मेन्टेनच्या स्पेलिंगमध्ये ‘टी’नंतर ‘ए-आय’ आहे. मेन्टेनन्स लिहिताना ते जाऊन नुसता ‘ई’ येतो. भल्याभल्यांच्या अर्जात हे चुकतं.

आता वही कशी करायची ते. पान आडवं धरून चार रकाने करा: नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण. एका पानावर एकच घराणं. शब्दकोश उघडून जो रकाना भरेल तो भरा. रमेश धोंगडे यांचा ऑक्सफर्ड इंग्रजी-मराठी शब्दकोश शाळेच्या ग्रंथालयात असेल तर तो बघा. जो भरत नाही तो रिकामा सोडा. मनानं शेपूट जोडून शब्द तयार करू नका, कारण सगळे शब्द एका साच्यातून निघत नाहीत. खाली एक वाक्य, पण गाईडमधलं नको, आपल्या घरातलं हवं. आणि पानाच्या कडेला, आळी सोडून गेलेले नातेवाईक. रोज एक घराणं झालं तरी पुष्कळ झालं. एका दिवशी चाळीस शब्द केल्याची फुशारकी ऐकू आली तर कौतुक करू नका.

उच्चार खाली देवनागरीत लिहायची सवय असेल तर जपून. मोठा या अर्थाचा मेजर आणि मोजणं या अर्थाचा मेझर, वहीत दोन्ही ‘मेजर’ होऊन बसतात. वेळेचा मिनिट आणि अतिसूक्ष्म या अर्थाचा माइन्यूट यांचं तर स्पेलिंगही एकच. फोनवरच्या शब्दकोशात स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाबून ऐका.

नीटच्या मुलांना वाटतं, आपला इंग्रजीशी संबंध दहावीलाच संपला. तसं नाही. ती प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण भाषांतरात फरक पडला तर इंग्रजी प्रश्नच ग्राह्य धरतात. जीवशास्त्रात ‘एम’चा हा कारभार रोजचाच आहे: माइटोकॉन्ड्रिया हे अनेकवचन, एकवचन माइटोकॉन्ड्रिऑन. मीडिया हे मीडियमचं अनेकवचन. ‘मोनो’ म्हणजे एक हे कळलं की मोनोकॉट म्हणजे एकदल हे वेगळं पाठ करावं लागत नाही. आपल्या रानातली ज्वारी मोनोकॉट, तूर आणि सोयाबीन डायकॉट.

दहावीच्या कृतिपत्रिकेत शब्दसाखळी विचारतात, आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द, आपल्या भेंड्यांसारखी. एवढ्या एका ठिकाणी अक्षरवार यादी उपयोगी पडते, हे कबूल. पण तिथंही साखळी नामांची की क्रियापदांची की विशेषणांची, हे सांगितलेलं असतं. झेरॉक्सच्या यादीत शब्दाची जात लिहिलेली नसते. ती पेन्सिलीनं लिहून घ्या, म्हणजे त्या यादीचे पैसे तरी वसूल होतील.

ज्या आई-बापांची पहिली 2000 सालच्या आधी झाली, त्यांना मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत भेटली. पहिलीपासून इंग्रजी आली ती त्या वर्षी. म्हणून अनेकजण लेकराच्या वहीजवळ जायला बिचकतात. बिचकायचं कारण नाही. शब्द तुम्हाला कमी येत असतील, पण मोटर जळल्यावर, मीटरचं बिल आल्यावर, मार्केटला माल नेल्यावर जे बोलता ते सगळं ‘एम’मधलंच आहे. लेकराला त्यातला एक शब्द द्या आणि म्हणा, याची भावकी शोधून आण.

परीक्षा महिन्यावर आली असेल तर नवी यादी आणूच नका. पुस्तकातले धडे घ्या, प्रत्येक धड्यातले पाच शब्द निवडा आणि त्यांचेच रकाने भरा. उरलेलं मे महिन्यात.