हमीपत्र आणि दुरुस्तीचा हक्क

अमेरिकेत घरी बिअर तयार करण्यास १९७८ च्या कायद्याने मुभा मिळाली आणि पुढे या छंदाबरोबर शीतयंत्रही घरात शिरले. आंबण्याच्या क्रियेत यीस्ट स्वतःच उष्णता निर्माण करते. तापमान चढले की चव बिघडते. हे यंत्र थंडावा देईनासे झाले की कॉम्प्रेसरवर ठपका येतो. वास्तविक पुष्कळदा जाळीवर धूळ साचलेली असते, किंवा पाण्यात ग्लायकॉल कमी पडल्याने नळीवर बर्फाचा थर चढून थंडाव्याची वाट अडते. एवढ्यासाठी अवजड यंत्र खोक्यात भरून कारखान्याकडे धाडावे लागावे आणि इकडे पिंपातले मिश्रण नासावे, याला हमी म्हणणे धाडसाचेच. ग्राहकाने झाकण उघडले म्हणजे जणू पाप केले!

उत्पादकाच्याच सुट्या भागांची वा कारागिरांची सक्ती, ती सेवा विनामूल्य नसेल तर, हमीच्या अटीत सहसा घालता येत नाही, असे तेथील १९७५ चा कायदा सांगतो. तरीही २०१८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनला सहा कंपन्यांना लेखी ताकीद द्यावी लागली.

आपल्याकडील फ्रिजधारकाची कथा निराळी नाही. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, डिसेंबरात संकेतस्थळही उघडले. पण तेवढ्याने भागणारे नाही. यंत्राची माहितीपुस्तिका व सुटे भाग वाजवी दरात गल्लीतल्या कारागिराच्या हाती पडले पाहिजेत, आणि ते नाकारणाऱ्या उत्पादकास दंड करण्याची तरतूद कायद्यातच हवी.