पीळ हवा, पण पुरेसा

"जास्त असलेलं बरं!" हे वाक्य आपल्या धंद्यात रोज कानावर पडतं. सर्व्हर घ्यायचाय? दुप्पट रॅम टाक, असू दे. बऱ्याचदा ते खपूनही जातं, कारण जास्तीची किंमत फक्त पैशात मोजायची असते. पण काही ठिकाणी हे जास्तीचं कामाच्याच मुळावर येतं. मला माहीत असलेलं याचं सगळ्यात चोख उदाहरण म्हणजे बेंचरेस्ट शूटिंग.

हा मूळचा अमेरिकेत वाढलेला खेळ. रायफल टेबलावर, वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची आणि १०० किंवा २०० यार्डांवर सहसा पाच गोळ्या झाडायच्या. मधला ठिपका फोडायचा नसतो. पाचही गोळ्या एकमेकींच्या जितक्या जवळ, तितकं चांगलं. १०० यार्डांवर जिंकणाऱ्यांची सरासरी पाव इंचाच्या आत असते. म्हणजे पाच गोळ्यांचं मिळून एकच भोक!

आता पीळ म्हणजे काय? नळीच्या आत मळसूत्री खाचा असतात, त्या गोळीला भोवऱ्यासारखी फिरकी देतात. '१:१४' म्हणजे १४ इंचांच्या प्रवासात एक पूर्ण फेरी. दुसरा आकडा जितका लहान, तितका पीळ घट्ट.

"अमुक वजनाच्या गोळीला किती पीळ?" हा इथला नेहमीचा प्रश्न. खोक्यावर वजन छापलेलं असतं म्हणून तो तसा विचारला जातो. खरा हिशोब लांबीचा आहे. हवेचा दाब गोळीचं नाक उचलून तिला उलटवायला बघतो आणि गोळी लांब असली की हा जोर वाढतो. जाडी तीच, धातू तोच, तर जड गोळी लांबच असणार, म्हणून वजनावरून अंदाज चालून जातो. पण शिशाऐवजी अख्खी तांब्याची गोळी घ्या. तांबं हलकं, म्हणून त्याच वजनात गोळी लांब होते आणि वजनावरून निवडलेला पीळ कमी पडतो.

१८७९ मध्ये वूलविचच्या लष्करी अकादमीतले गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी एक सुटसुटीत सूत्र दिलं. व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले लांबी, सगळं इंचांत. (आजच्या वेगवान गोळ्यांसाठी १५० च्या जागी १८० घेतात. सूत्रातला 'स्थिर' आकडा कुठल्या गृहीतकावर उभा आहे हे बघावं, ही सवय आपल्यालाही बरी.) ६ मिलिमीटर गोळीचा व्यास ०.२४३ इंच. लांबी ०.८ इंच असेल तर उत्तर येतं साधारण १३.३, आणि सव्वा इंच असेल तर ८.५. प्रत्यक्षातही तसंच आहे. बेंचरेस्टवाल्यांचं लाडकं काडतूस म्हणजे '६ पीपीसी'. त्यात ६५ ते ६८ ग्रेनच्या आखूड गोळ्यांना १:१३.५ किंवा १:१४ ची नळी लावतात. लांब पल्ल्याच्या १०५ ग्रेनच्या गोळीला मात्र १:८ लागते.

मग सगळ्यांनाच १:८ का नाही? आखूड गोळीही त्यात स्थिर राहीलच की! राहील, पण कुठलीच गोळी निर्दोष नसते. तिचा गुरुत्वमध्य अक्षापासून किंचित सरकलेला असतो. नळीत तिला अक्षाभोवती फिरावंच लागतं. बाहेर पडताक्षणी ती गुरुत्वमध्याभोवती फिरू लागते आणि तिला बाजूला एक झटका बसतो. समजा, हा दोष इंचाचा फक्त दहा हजारावा भाग आहे. १:१४ च्या नळीतून ती गोळी १०० यार्डांवर ०.१६ इंच बाजूला जाईल, आणि १:८ मधून ०.२८ इंच. दोष तोच, शिक्षा पावणेदोन पट. पाव इंचाच्या खेळात इथेच निकाल लागतो.

याचा अर्थ पीळ कमीच ठेवा, असाही नाही. सुरुवातीच्या एम-१६ रायफलला १:१४ पीळ होता. कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते. त्या हवेत तिची ५५ ग्रेनची गोळी डगमगते असं चाचण्यांत दिसलं आणि १९६३ मध्ये पीळ १:१२ केला गेला. सैनिकाच्या हातात ही चूक पदकापुरती राहत नाही.

हजार यार्डांवर मारणारे म्हणतात, स्थिरता काठावर ठेवली की हवेचा अडथळा वाढतो, म्हणून आम्ही जास्त पीळ ठेवतो. त्यांचं बरोबरच आहे. गोळी लांब आणि प्रवासही लांब. माझी तक्रार तिथला नियम डोळे मिटून १०० यार्डांवर लावण्याशी आहे.

आपल्याकडच्या वाचकांना पॅरिस २०२४ मधलं स्वप्नील कुसाळेचं ५० मीटर रायफलचं कांस्यपदक आठवत असेल. त्या .२२ च्या खेळात बहुतेक गोळ्या ४० ग्रेनच्या आणि नळ्या १:१६ च्या, म्हणजे हा प्रश्न आधीच सुटलेला. बेंचरेस्टवाल्याला मात्र तो स्वतः सोडवावा लागतो, आणि नळी बनवून घेण्याआधी. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसंच हे. एकदा खाचा पाडल्या की नळी झिजेपर्यंत तोच पीळ.

म्हणून माझ्या मते क्रम असा हवा: आधी अंतर, मग गोळीची लांबी, मग सगळ्यात थंड दिवशीची हवा, आणि शेवटी पीळ. त्या दिवशी गोळी स्थिर राहील एवढा पीळ द्या आणि तिथेच थांबा. "असू दे, असलेला बरा" म्हणून दिलेला प्रत्येक जादा वळसा गोळीतला दोषच मोठा करतो.