होकायंत्र कोणत्या हाताला?

पावसाळा सरला की मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर डायव्हिंगच्या होड्या पुन्हा लागतात. त्यांतून पाण्यात उतरणाऱ्या बहुतेक पर्यटकांचा होकायंत्राशी संबंध येत नाही. इन्स्ट्रक्टर त्यांना धरून खाली नेतो, मासे दाखवतो आणि वर आणतो. प्रश्न आहे तो रीतसर कोर्स करून, जोडीदाराच्या साथीने स्वतःच्या जबाबदारीवर बुडी मारणाऱ्यांचा. त्यांचे बरेचसे सामान भाड्याचे असते. होकायंत्र आज कन्सोलमध्ये, म्हणजे नळीला जोडलेल्या मापकांच्या डब्यात असते, उद्या मनगटावर, आणि परवा मिळालेल्या संचात ते नसतेच. कोणती वस्तू अंगावर कुठे लावायची, ही सोयीची बाब समजून सोडून दिली जाते. होकायंत्राच्या बाबतीत तरी तसे करून चालत नाही.

होकायंत्रावर दिशा दाखवणारी एक सरळ रेघ असते. ती आपल्या शरीराच्या मध्यरेषेला समांतर असेल, तरच काचेवर वाचलेली दिशा आणि आपण पोहतो ती दिशा एक. हात थोडा वाकडा झाला आणि पाच अंशांची चूक पडली, तर 100 मीटर पोहून गेल्यावर माणूस जवळजवळ 9 मीटर बाजूला जातो. दहा अंशांची चूक 17-18 मीटरवर नेते. स्वच्छ पाण्यात 9 मीटरवरची नांगराची दोरी दिसते, मग चूक कळते आणि सुधारताही येते. पण मालवणला पाणी गढूळ असले की तीन-चार मीटरपलीकडे काही दिसत नाही. अशा दिवशी दोरी शेजारून निघून जाते, पत्ताही लागत नाही.

म्हणून मनगटावरचे होकायंत्र सहज दिसते एवढ्यावर खूश होऊ नये. ते वाचायची एक रीत आहे. ज्या हातावर होकायंत्र नाही तो सरळ पुढे ताणायचा आणि दुसऱ्या हाताने त्याला कोपराच्या जरा वर धरायचे. मग होकायंत्र आपोआप नाकासमोर येते आणि रेघ सरळ राहते. कन्सोलमध्ये किंवा छातीजवळच्या रिट्रॅक्टरवर (आपोआप गुंडाळल्या जाणाऱ्या दोरीवर) असलेले होकायंत्र दोन्ही हातांनी समोर धरता येते, कोपरे बरगड्यांना टेकवता येतात. रेघ जुळवायला ही पद्धत सर्वांत सोपी आहे, आणि नवशिक्याला आम्ही तीच सुचवू. तिचा तोटा असा की कन्सोल नीट अडकवला नाही तर खाली लोंबतो, प्रवाळावर घासतो आणि जाळ्याच्या तुकड्यात अडकतो. किनाऱ्यालगतच्या खडकांत तुटकी जाळी कमी नाहीत. रिट्रॅक्टरची दोरीही झिजते. ती तुटली तर होकायंत्र तळाशी गेलेच.

अनुभवी माणसाने मनगटच निवडावे. डावे की उजवे, याचे उत्तर बीसीडीत, म्हणजे हवा भरून तरंगणे सांभाळणाऱ्या जॅकेटमध्ये आहे. हवा भरण्या-सोडण्याची नळी डाव्या खांद्यावरून येते, त्यामुळे उतरताना आणि वर येताना डावा हात तिच्यात गुंततो. त्या वेळी डोळ्यांसमोर खोली दाखवणारा कॉम्प्युटर हवा, दिशेचे तेव्हा फारसे काम नसते. दिशा लागते ती तळाशी आडवे पोहताना, आणि तेव्हा डावा हात मोकळा असतो. म्हणून कॉम्प्युटर उजव्या हाताला आणि होकायंत्र डाव्या. शिवाय दोघांत अंतर राहते, हा वेगळा फायदा.

अंतर का हवे, हे घरीच पाहता येते. होकायंत्र लाकडी पाटावर ठेवा, सुई स्थिरावू द्या, आणि बुडीच्या सामानातली एकेक वस्तू हळूहळू जवळ आणा. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरने सुई हलत नाही, पोलादी सिलिंडरने हलते. पोलादी चाकूनेही ती सरकू शकते. खरी गंमत टॉर्चची. अनेक डायव्हिंग टॉर्चच्या सरकत्या बटणात लोहचुंबक असते, आणि असा टॉर्च जवळ आला की सुई गर्रकन वळते. तोच टॉर्च डाव्या हातात धरून डाव्या मनगटावरची दिशा वाचणारा माणूस भलतीकडे निघतो, तोही पूर्ण आत्मविश्वासाने!

पट्टाही पाहून घ्यावा. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. निओप्रीनच्या सूटमधले बुडबुडे आकसतात, सूट पातळ होतो, आणि होडीत घट्ट वाटलेला पट्टा सैल पडून होकायंत्र मनगटाखाली फिरते. आपल्या उबदार पाण्यात सूट पातळच असतात, त्यामुळे हा त्रास कमी. तरीही पट्ट्याऐवजी रबरी बंजी लावली की तो उरतच नाही.

इतर सामानाचे सूत्र निराळे. जोडीदाराला श्वासासाठी द्यायचा पिवळा ऑक्टोपस हनुवटी आणि बरगड्या यांच्यामधल्या त्रिकोणातच हवा, कारण घाबरलेला माणूस तिथेच हात घालतो. चाकू पोटरीला बांधण्याची जुनी पद्धत आता मागे पडते आहे. जाळ्यात पाय अडकल्यावर पोटरीपर्यंत हात पोहोचेलच असे नाही. दोन्ही हातांना सापडेल असा छोटा कटर कंबरेवर किंवा छातीवर बरा.

परदेशातल्या नातेवाइकांकडून होकायंत्र मागवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषा ध्रुवांकडे जमिनीत तीव्र कोनात शिरतात, विषुववृत्ताकडे जवळजवळ आडव्या होतात. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जाते. केरळमधले थुंबा त्याच्याजवळ आहे, म्हणूनच 1963 मध्ये तिथून रॉकेट सोडायला सुरुवात झाली. युरोपातली सुई तिथल्या तीव्र कोनासाठी तोल साधून बनवलेली असते. कोकणात ती तिरकी होऊन तबकडीला घासू शकते, अडकू शकते. काही कंपन्या जगाचे पट्टे पाडून वेगवेगळ्या सुया बनवतात, तर काहींच्या सुया बऱ्यापैकी कलंडूनही मोकळ्या फिरतात. कॉम्प्युटरमधल्या डिजिटल होकायंत्राला सुईच नसल्याने ती भीती नाही. मात्र तेही चुंबकीय क्षेत्रच मोजते, त्यामुळे पोलाद आणि टॉर्च यांच्यापासून त्यालाही लांब ठेवावे लागते, आणि सेल बदलल्यावर ते पुन्हा जुळवून घ्यावे लागते.