रंग उडाला म्हणून सीट झाकायची?

गुडघ्यांमुळे बाबांनी गाडी चालवणं बंद केलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. देताना दोन गोष्टी सांगितल्या. एक, रिव्हर्स टाकताना क्लच पूर्ण दाब. दोन, ड्रायव्हरच्या सीटला नवीन कव्हर घाल, लाज वाटते. पहिलं लगेच ऐकलं. दुसऱ्यापायी तीन शनिवार गेले, त्याचंच हे पुराण :-)

गाडी २०१२ ची, आत बदामी लेदर. बाकी सीट्स बऱ्या होत्या, पण ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची उंच कड पार पांढुरकी झालेली, बारीक भेगा पडलेल्या. बारा वर्षं बाबा त्याच कडेवरून घासत उतरले, त्याचा हा हिशोब.

अशा वेळी आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. 'खोबरेल चोपड' नाहीतर 'कव्हर टाक'. मी तिसराच शहाणपणा केला, बुटाचं पॉलिश लावलं. काय झकास दिसलं! दोन दिवसांनी बायको पांढरा कुर्ता घालून गाडी घेऊन गेली आणि... असो. नाक्यावर बूट दुरुस्त करणाऱ्या काकांना विचारलं, तर ते हसले. "साहेब, बुटावर कुणी बसतं का?"

मग नीट वाचायला बसलो. गाडीतलं बहुतेक लेदर उघडं नसतंच. कातड्यावर रंगाचा पातळ थर आणि त्यावर पारदर्शक संरक्षक थर असतो. आपण बसतो त्या थरावर, आणि आधी झिजतो तोही तोच. आमच्या भाषेत सांगायचं तर बग स्क्रीनवर आहे आणि आपण डेटाबेस बदलायला निघालोय! तेल त्या थरातून आत फारसं जात नाही. वरच चिकटून बसतं, धूळ धरतं, आणि पुढे लावलेल्या रंगाला पकड मिळू देत नाही.

दुसरी गंमत म्हणजे चकाकी. गाडीचं लेदर नवं असताना बहुधा मॅट असतं. नंतर चमकतो तो अंगाचा तेलकटपणा आणि मळ. माझा पहिला शनिवार नुसता धुण्यात गेला. लेदर क्लीनरचा फेस, मऊ ब्रश, ओलं फडकं. फडकं चहाच्या रंगाचं निघालं आणि 'उडालेला' निम्मा रंग परत आला.

दुसऱ्या शनिवारी कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला आणि भेगांत फिलर भरला. तिसऱ्या शनिवारी पाण्यात मिसळणारा, खास लेदरचा रंग. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून वाळू दिला, कारण ओला आणि वाळलेला रंग वेगळा दिसतो. मग स्पंजने चार पातळ हात, प्रत्येक वाळल्यावरच पुढचा. शेवटी मॅट टॉपकोट. तो चुकवलात तर रंग पुन्हा कुर्त्यावर!

माझं मत स्पष्ट आहे. कव्हर घालणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, झाकाझाक. शिवाय त्यात एक धोका आहे, तो दुकानदार क्वचितच सांगतो. बऱ्याच गाड्यांत साइड एअरबॅग सीटच्या पाठीच्या कडेत असते आणि फुगताना तिथली शिवण उसवून बाहेर येते. वरून जाड कव्हर घट्ट बसवलं की ती अडू शकते. सीटच्या बाजूला एअरबॅगचा टॅग आहे का, ते आधी बघा.

अर्थात सीट रेक्झिनची असेल आणि पापुद्रे सुटत असतील, तर हा खटाटोप करू नका. तिथे बदलणंच खरं. ऑफिसात जुना कोड दिसला की आमची पोरं लगेच म्हणतात, 'सगळं नव्याने लिहू'. कधीकधी ते बरोबरही असतात. पण आधी नक्की कुठला थर झिजलाय, ते तरी बघा की!

काल पार्किंगमध्ये बाबांना मुद्दाम ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. त्यांनी कडेवरून हात फिरवला.

"कव्हरला किती पडले?"

"कव्हर नाही बाबा, तुमचीच सीट आहे."

ते काही बोलले नाहीत. उतरताना मात्र दाराचा आधार घेऊन, कड न घासता उतरले. बारा वर्षांत पहिल्यांदा.