विश्लेषण : कर्करोगावरील किरणोत्सारी औषधाची अस्थिमज्जेला झळ किती? हे मोजतात कसे?

न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर आणि शरीरात पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगावर ‘ल्युटेशियम-१७७’ असलेले किरणोत्सारी औषध शिरेतून दिले जाते. हे औषध गाठीला चिकटते आणि तिथूनच किरणांचा मारा करते. मात्र, वाटेत रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेलाही त्याची झळ बसते. ती किती, यावर पुढचा डोस द्यायचा की थांबायचे हे ठरू शकते. अडचण अशी, की हाडाच्या आत मीटर लावता येत नाही. तिथली मात्रा मोजायची नसते, तिचा अंदाज काढावा लागतो.

अस्थिमज्जेचीच काळजी का?

प्रौढ माणसाच्या शरीरात लाल मज्जा साधारण १.२ किलो असते. कमरेची हाडे, मणके, बरगड्या आणि कवटीत ती प्रामुख्याने आढळते. तिच्या पेशींचे सतत विभाजन होत असल्याने किरणोत्सर्गाचा परिणाम त्यांच्यावर लवकर दिसतो. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घटतात. बहुतेक रुग्णांत त्या काही आठवड्यांत सावरतात. परंतु ‘नेटर-१’ या चाचणीत हे औषध घेतलेल्यांपैकी सुमारे २ टक्के रुग्णांना पुढे मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम हा मज्जेचा गंभीर आजार झाला.

हिशोब कसा होतो?

एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली, की मात्रा १ ग्रे होते. ती काढण्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली, औषध कुठे आणि किती वेळ राहिले. ल्युटेशियमचे अर्धायुष्य ६.६५ दिवस असले, तरी औषधाचा मोठा भाग पहिल्या एक-दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतो. त्यामुळे ठरावीक अंतराने रक्ताचे नमुने आणि स्पेक्ट-सीटी स्कॅन घेऊन आलेख काढला जातो. आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे त्या जागी झालेली एकूण विघटने. दुसरी गोष्ट, तिथल्या एका विघटनामागे मज्जेला किती ऊर्जा मिळते. हा आकडा संगणकावरील मानवी शरीराच्या प्रतिकृतीतून मिळतो. दोन्हींचा गुणाकार करायचा आणि रक्त, हाडातील गाठी व इतर अवयव यांच्याकडून येणारा वाटा एकत्र मिळवायचा. या पद्धतीला ‘मर्ड’ म्हणतात.

मग अचूक उत्तर का मिळत नाही?

मज्जा असलेल्या हाडाचा आतला भाग स्पंजसारखा असतो आणि त्याच्या बारीक पोकळ्यांत मज्जा भरलेली असते. ल्युटेशियमच्या बीटा कणांचा पल्ला जास्तीत जास्त सुमारे २ मिलिमीटर. इतके बारकावे स्पेक्ट स्कॅनमध्ये दिसत नाहीत. हाडातील कर्करोगावर वापरल्या जाणाऱ्या रेडियम-२२३ च्या अल्फा कणांचा पल्ला तर ०.१ मिलिमीटरहून कमी. रेडियम कॅल्शियमसारखे वागून हाडाच्या पृष्ठभागावर बसते. साहजिकच पोकळीच्या कडेच्या पेशींना भरपूर आणि मधल्या पेशींना अत्यल्प मात्रा मिळते. सरासरीच्या आकड्यात हा फरक लपतो. शिवाय प्रतिकृतीतील हाडे निरोगी असतात, रुग्णाची नसतात.

२ ग्रेची मर्यादा कुठून आली?

तिचे मूळ १९६२ च्या एका अभ्यासात आहे. थायरॉइडच्या कर्करोगासाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्या ज्या रुग्णांच्या रक्ताला २०० रॅड, म्हणजेच २ ग्रेहून अधिक मात्रा मिळाली, त्यांच्यात गंभीर गुंतागुंत जास्त दिसली. तीच मर्यादा पुढे इतर औषधांनाही लावली गेली. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरसाठी ७.४ गिगाबेकरेलचे चार डोस दिल्यास मज्जेला सरासरी सुमारे १ ग्रे मिळतो, म्हणजे मर्यादेच्या निम्मा. मात्र व्यक्तीगणिक फरक मोठा आहे. आधी केमोथेरपी झालेल्या रुग्णाची मज्जा तेवढ्याच मात्रेने जास्त थकू शकते.

टेचा नदीने काय शिकवले?

१९४९ ते १९५६ दरम्यान तत्कालीन सोव्हिएत संघातील मायाक प्रकल्पाने किरणोत्सारी सांडपाणी टेचा नदीत सोडले. स्ट्रॉन्शियम-९० पाण्यातून आणि दुधातून काठावरच्या लोकांच्या हाडांत गेले. त्याचे अर्धायुष्य सुमारे २९ वर्षे असल्याने दातांवरून आणि पूर्ण शरीराच्या मोजणीतून पुढे अनेक दशके त्याचा माग काढता आला. सुमारे ३० हजार लोकांच्या या अभ्यासात मज्जेची मात्रा वाढली तसा रक्ताच्या कर्करोगाचा धोकाही वाढलेला आढळला. हाडांच्या प्रतिकृती सुधारत गेल्या, तशा या लोकांच्या मात्रा पुन्हा पुन्हा मोजाव्या लागल्या.

भारतातील रुग्णांसाठी याचा अर्थ काय?

ल्युटेशियम-१७७ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत तयार होते. सर्वसाधारणपणे रुग्णाला ठरावीक, म्हणजे २०० मिलिक्युरीचा डोस दिला जातो. प्रत्येकाची मात्रा वेगळी काढायची, तर अनेक स्कॅन आणि रुग्णालयाच्या फेऱ्या लागतात. बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबासाठी हा खर्च लहान नाही. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशात मात्र उपचारांसाठीच्या किरणोत्सर्गाचे नियोजन रुग्णागणिक करण्याची अट आहे.

ठरावीक डोसमुळे दोन्ही बाजूंनी नुकसान होऊ शकते. नाजूक मज्जेच्या रुग्णाला तो जड जातो, तर सशक्त मज्जेच्या रुग्णाला परवडला असता तेवढा उपचार मिळत नाही. म्हणूनच प्रत्येक डोसपूर्वीची रक्ततपासणी टाळू नये. आधी झालेली केमोथेरपी आणि रेडिएशन यांची कागदपत्रे डॉक्टरांना आवर्जून दाखवावीत. अंदाजाचा आकडा कितीही असो, मज्जेची खरी अवस्था आधी रक्तातच दिसते.