कर्जाला मालमत्ता समजणारे माप



वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघाला. २०१८ साली केंद्र सरकारने देशातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांची यादी केली आणि त्यांना 'आकांक्षित जिल्हे' असे गोड नाव दिले. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात आले : नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि आपला वाशीम. म्हणजे जिल्हा गरीब आहे, हे दिल्लीला मान्य आहे. पण याच जिल्ह्यातला पाच एकराचा कोरडवाहू कास्तकार घरकुलाच्या यादीत नाव शोधायला गेला तर त्याला सांगतात, 'तुम्ही गरीब नाही.' जिल्हा गरीब आणि जिल्ह्यातला शेतकरी सधन! हे गणित जुळते कसे? आमचे म्हणणे असे की दोष गणितात नाही, मापात आहे. माप चुकीचे असले की काटा कितीही चोख असो, माल कमीच भरतो.

गरिबी मोजण्याची सुरुवात आपल्याकडे दादाभाई नौरोजींनी केली. त्यांनी १८७६ साली हिशेब मांडला की हिंदुस्थानात दरडोई उत्पन्न वर्षाला अवघे २० रुपये पडते, आणि तेवढ्यात तुरुंगातल्या कैद्याइतकेही अन्नवस्त्र मिळत नाही. दादाभाईंनी मोजले ते उत्पन्न : देशात पिकते किती, बाहेर जाते किती, माणसाच्या हाती उरते किती. स्वातंत्र्यानंतर ही रीत मागे पडली. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली 'भारतातील दारिद्र्य' हा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १९६०-६१ च्या भावाने खेड्यातल्या माणसाला पोटापुरते खायला महिना १५ रुपये आणि शहरातल्याला साडेबावीस रुपये लागतात, अशी रेषा ओढली होती. त्यांचा हेतू स्वच्छ होता आणि कामही मोलाचे होते. पण त्यांच्या हाती आकडे होते ते राष्ट्रीय नमुना पाहणीचे, आणि ती पाहणी घराने खर्च किती केला ते विचारते, मिळवले किती ते विचारत नाही.

तेव्हापासून रेषा बदलत गेली, पण धरली खर्चावरच. १९७९ साली खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० उष्मांक ठरले. २००९ साली तेंडुलकर समितीने रीत बदलली. तिच्या रीतीने २०११-१२ साली खेड्यातली रेषा महिना ८१६ रुपये, म्हणजे रोजचे २७ रुपये निघाली. २०१४ साली रंगराजन समितीने ती ९७२ वर नेली. या एका फरकाने देशातले गरीब २१.९ टक्क्यांवरून २९.५ टक्क्यांवर गेले. कोणाच्याही घरात काही घडले नाही, फक्त कागदावरची रेघ दीडशे रुपयांनी वर सरकली. जागतिक बँकेचेही तसेच. तिची रेषा १९९० साली रोज एक डॉलर होती, २०२५ साली ती तीन डॉलर झाली. हे तीन डॉलर बँकेच्या दराने धरायचे नसतात. इथल्या स्वस्ताईचा हिशेब धरून २०२१ च्या भावाने ते साठेक रुपये होतात. त्या मापाने २०२२-२३ साली भारतात ५.३ टक्केच लोक गरीब उरले.

गरिबी कमी झालीच नाही, असे आम्ही म्हणत नाही. घरात वीज आली, चुलीशेजारी गॅस आला, पोरी शाळेत जातात, उपासमार पूर्वीसारखी राहिली नाही. हे डोळ्यांना दिसते आणि ते नाकारणे खोटेपणा होईल. आमचा आक्षेप वेगळा आहे. खर्च मोजला की तो पैसा आला कोठून, हा प्रश्नच पुसला जातो. घरातले माणूस आजारी पडले आणि सावकाराकडून वीस हजार काढून दवाखान्यात भरले, तर पाहणीत त्या घराचा खर्च वाढलेला दिसतो. खर्च वाढला म्हणजे राहणीमान सुधारले. असे ते घर कर्जाच्या जोरावर दारिद्र्यरेषा ओलांडते!

आता वावरातला हिशेब मांडू. हे आकडे उदाहरणाचे आहेत; प्रत्येकाने आपापले घालून पाहावेत. समजा घरात माणसे पाच, कोरडवाहू वावर पाच एकर, सगळे सोयाबीन. एकरी सहा क्विंटल उतारा, म्हणजे तीस क्विंटल. हर्रासात भाव मिळाला ४,२०० रुपये. हाती आले १,२६,०००. बी, खत, फवारणी, ट्रॅक्टरचे भाडे, निंदण, सोंगणी, मळणी असा रोख खर्च एकरी १६,००० धरला तर ८०,००० गेले, उरले ४६,०००. घरच्या नवराबायकोने मिळून वावरात १२० दिवस काम केले. त्यांना ३०० रुपये रोज धरला तर ३६,००० झाले. ते वजा जाता उरले १०,०००. खाजगी कर्ज ५०,००० असेल आणि व्याज महिना दोन टक्के असेल तर वर्षाचे १२,०००. शेवटी उरले वजा दोन हजार.

एकाच वावराची ही चार उत्तरे : १,२६,०००, ४६,०००, १०,००० आणि उणे २,०००. यातले उत्पन्न कोणते? रेशनच्या प्राधान्य यादीसाठी महाराष्ट्रात खेड्यातल्या कुटुंबाची मर्यादा वर्षाला ४४,००० ठेवली गेली. दुसरे उत्तर धरले तर हे घर दोन हजारांनी श्रीमंत, यादीबाहेर. तिसरे धरले तर कंगाल. चौथे धरले तर त्याला काय नाव द्यावे, ते अर्थशास्त्र्यांनीच सांगावे. आणि दुसरे उत्तरही काय आहे? माणशी रोजचे पंचवीस रुपये.

हा फरक सरकारच्या स्वतःच्या कागदातही आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१८-१९ या वर्षासाठी शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये दिले. सभेत आणि भाषणांत हाच आकडा फिरतो. त्याच अहवालात दुसराही आकडा आहे. घरची मजुरी, घरचे बी, घरचे बैल यांची किंमत खर्चात धरली तर तेच उत्पन्न ८,३३७ रुपये होते. शेतकऱ्याच्या घरच्या घामाची किंमत अशी महिन्याला १,८८१ रुपयांनी गिळली जाते. त्यात मायबहिणींच्या कामाचाही वाटा आहे, कारण निंदणात आणि सोंगणीत घरच्या बाईच्या नावे मजुरी कोणी लिहीतच नाही. आणि त्या १०,२१८ मध्ये पिकाचे फक्त ३,७९८ होते, मजुरीचे ४,०६३. म्हणजे शेतकऱ्याचे घर शेतीपेक्षा मजुरीवर अधिक चालते, हे सरकारच सांगते.

आता यादीतून नाव कसे गळते ते पाहा. २००२ सालच्या दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणात १३ प्रश्न होते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. गुण जितके कमी तितके घर गरीब. कर्जाच्या प्रश्नात सावकाराकडून खाण्यापिण्यासाठी उसने घेणाऱ्याला शून्य. आणि फक्त बँक-सोसायटीचे कर्ज असेल तर चारपैकी तीन! सोसायटीचा थकबाकीदार हा सरकारी कागदावर जवळजवळ सुखवस्तू ठरला. २०११ सालच्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेत तर पुढचे पाऊल पडले. ५०,००० किंवा त्याहून अधिक मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड असेल तर ते घर आपोआप बाद. पीककर्जाची मर्यादा म्हणजे किती रुपयांनी बुडता येईल त्याची परवानगी. तिला श्रीमंतीचा पुरावा मानले. घरकुलासाठी पुढे २०२४ साली या अटी सैल केल्या, दुचाकी आणि फ्रीज वगळले. पण क्रेडिट कार्डाची अट तशीच राहिली, आणि पाच एकर कोरडवाहू जमीन असलेलाही अपात्र ठरला. बारमाही ओलिताचे अडीच एकर आणि रिसोड-मालेगावच्या मुरमाड माळावरचे पाच एकर एकाच तागडीत!

उलट दुसरीकडे पाहा. आर्थिक दुर्बल घटकांच्या २०१९ सालच्या केंद्राच्या आरक्षणात वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेला 'दुर्बल' ठरू शकतो. पण पाच एकर शेती असली की उत्पन्न कितीही कमी असो, तो बाद. शहरातला महिना साठ हजार कमावणारा दुर्बल आणि मानोऱ्याचा पाच एकरवाला सबळ. हे माप ज्याने बनवले त्याने पाच एकर वावरात वर्षाअखेर काय उरते ते पाहिलेले नाही.

विषमतेचेही तसेच. विषमता शून्य ते शंभरच्या गिनी अंकाने सांगतात. शून्य म्हणजे सगळे सारखे, शंभर म्हणजे एकानेच सगळे नेले. २०२५ च्या जुलैत केंद्राकडून सांगितले गेले की २५.५ गिनी अंकामुळे भारत जगातला चौथा सर्वांत समान देश आहे. पण तो अंक आहे खर्चाच्या विषमतेचा. अमेरिकेचा आणि इतर अनेक देशांचा जो अंक त्याच्याशेजारी ठेवला, तो आहे उत्पन्नाच्या विषमतेचा. एकाची ज्वारी पायलीने मोजायची, दुसऱ्याची काट्यावर तोलायची आणि कोणाचे पीक जास्त ते जाहीर करायचे, असा हा प्रकार. पैसेवाला माणूस खाऊन खाऊन खाणार किती? त्याचा पैसा बचतीत, प्लॉटात, शेअरात जातो. तो खर्चाच्या पाहणीत दिसत नाही. जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या अभ्यासकांनी उत्पन्न धरून हिशेब केला तेव्हा २०२२-२३ साली देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे निघाला. खर्चाने मोजले तर आपण जगात चौथे समान. उत्पन्नाने मोजले तर अतिविषम देशांत बसतो.

कोणी म्हणेल, मोजमापाने पोट भरते काय? भरत नाही, पण मोजल्याशिवाय मागता येत नाही. त्याच दांडेकरांच्या समितीने १९८४ साली महाराष्ट्रातल्या विभागांचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपये मोजला. तोपर्यंत विदर्भ मागे आहे हे गाऱ्हाणे होते. आकडा आला तेव्हा त्याची मागणी झाली. रेषेच्या आत की बाहेर, यावर धान्य, घरकूल, पोरांची फी ठरते. आपल्या जिल्ह्यासह आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २०१५ पासून दोन-तीन रुपये किलोने मिळणारे धान्य गेले, आणि २०२३ साली त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये आले. रोजचे पाच रुपये! कोणते माप लावून हे पुरेसे ठरले?

म्हणून आमचे म्हणणे चार गोष्टींचे आहे. पहिली : शेतकरी कुटुंबाचे उत्पन्न घरच्या मजुरीची किंमत आणि व्याज वजा करून धरा. दुसरी : एका वर्षावर जाऊ नका, पाच वर्षांची सरासरी घ्या. २०२१ च्या ऑगस्टात सोयाबीनने दहा हजारांचा भाव पाहिला तेव्हा आपल्या घरात माल नव्हता. माल आला तेव्हा भाव अर्ध्यावर होता. तिसरी : कर्जाची मर्यादा आणि कोरडवाहू एकर हे श्रीमंतीचे पुरावे म्हणून काढून टाका. चौथी : गावाची यादी आणि तिच्यामागचे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवा. चौथीत आपलीही परीक्षा आहे. दोन दुकाने असूनही पिवळे कार्ड बाळगणारे आपल्याच गावात आहेत, आणि ज्याला टीचभर जमीन नाही तो मजूर आपल्याहून गरीब आहे. माप खरे झाले तर काहींची नावे गळतील, तेही आपण मान्य केले पाहिजे.

केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२५ साली जाहीर केले की देशभरची कौटुंबिक उत्पन्नाची पाहणी २०२६ साली करायची. असे प्रयत्न आधीही झाले होते आणि सोडून दिले गेले, कारण लोकांनी सांगितलेले उत्पन्न खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरत होते. साहेबांना वाटले, लोक लपवतात. काही लपवतही असतील. पण मिळकत कमी आणि खर्च जास्त, या दोहोंमधल्या खड्ड्याचे नाव कर्ज आहे, हे वाशिमच्या कोणत्याही कास्तकाराने सांगितले असते.

तेव्हा पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने पाच घरांचा वर्षाचा हिशेब लिहून आणावा : एक भूमिहीन मजुराचे, एक पाच एकराच्या आतले, एक दहा एकर कोरडवाहूचे, एक ओलिताचे आणि एक पगारदाराचे. नावे लिहू नयेत. आलेले पैसे, रोख खर्च, घरच्या बाईमाणसाचे दिवस, व्याज आणि शेवटी उरले ते, एवढे पाच रकाने पुरेत. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांतून हे कागद आले तर पाहणीवाला साहेब दारात येईल तेव्हा त्याच्यापुढे ठेवायला आपल्याजवळ आपला हिशेब असेल.