रागावलेले गिऱ्हाईक

घर घेणे किंवा विकणे हा व्यवहार बहुतेक माणसे जन्मात एकदा, फार तर दोनदा करतात. मी तो महिन्यातून एकदा तरी करतो. आमच्यात आणि गिऱ्हाइकांत जी खडाजंगी होते तिचे निम्मे मूळ या एका फरकात आहे. ज्या माणसाने तीस वर्षे पै-पै जोडून एक प्लॉट घेतला, त्याच्यापुढे आमच्यातला एखादा आळस देत म्हणतो, "साहेब, हे रोजचंच आहे!" अहो, तुमचे रोजचे असेल, त्याचे जन्माचे आहे. डॉक्टर आणि दलाल या दोघांनी हे वाक्य कधी तोंडातून काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वर्षभर या सदरात मी सातबारा, फेरफार, इसारपावती असल्या रुक्ष विषयांवर लिहीत असतो. दिवाळी अंकासाठी संपादकांनी फर्मावले की, यंदा कागद पुरे, माणसे आणा. म्हणून आज गिऱ्हाइकांविषयी.

आमचे यवतमाळ कापसाचे गाव. कापसाच्या बाजारात दलाल आणि अडत्या हे शब्द पिढ्यान् पिढ्या इतके बदनाम झाले की, घराजमिनीच्या दलालाला ती बदनामी आयतीच वारशाने मिळाली. माणूस दुकानाची पायरी चढतो तोच मुळी हा आपल्याला फसवणार अशा तयारीने. आता १ मे २०१७ पासून ‘रेरा’ कायद्याचा पूर्ण अंमल सुरू झाला. नोंदणी झालेल्या प्रकल्पातली घरे विकायची तर दलालालाही नोंदणी लागते. २०२३ साली त्यावर प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. पंचावन्नी उलटलेला मी, मुलांच्या वयाच्या पोरांच्या रांगेत बसून परीक्षा दिली. निघताना धाकटीने हातावर दहीसाखर ठेवली आणि खदखदून हसली. परीक्षा चांगली होती, कायदा नीट विचारला होता. फक्त रागावलेल्या गिऱ्हाइकाचे काय करायचे हा प्रश्न त्यात नव्हता.

काही गिऱ्हाइके नुसतीच हौशी असतात. रविवारी जेवण करून सहकुटुंब प्लॉट पाहायला निघतात आणि संध्याकाळी चहा घेऊन परततात. त्यांचा मला राग येत नाही. सिनेमापेक्षा ते स्वस्त पडते. मात्र एक गंमत सांगतो. यजमान भाव विचारतात, आणि बाई आधी मोरीत जाऊन नळ सोडून बघतात. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या दोन्ही धरणांनी तळ गाठला, आणि यवतमाळकरांनी टँकरमागे ज्या धावा काढल्या, त्या बायकांच्या अजून पायांत आहेत. बाईने नळाबद्दल तीनदा विचारले तर मी तीनदा उत्तर देतो. ‘किती विचारता हो’ म्हणणाऱ्याने हंडे घेऊन एक उन्हाळा काढून पाहावा.

दुसरे गिऱ्हाईक म्हणजे ज्याचा भाव रोज चढतो असा विकणारा. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग मंजूर झाल्यापासून या जातीची चांगलीच वाढ झाली. आमची शकुंतला, म्हणजे मूर्तिजापूरची ती छोटी गाडी, बंद पडली. मोठी गाडी येणार येणार म्हणता २०२४ च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून कळंबपर्यंत आली. एका गृहस्थांचा प्लॉट माझ्याकडे विकायला होता. सर्वेक्षणाच्या खुणा दिसल्या, भाव वाढला. माती पडली, पुन्हा वाढला. कळंबला गाडी लागली त्या रात्री त्यांचा दहा वाजता फोन: "आता त्या भावात नाही हो जमायचं!" मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच आळीतल्या गेल्या दोन वर्षांतल्या नोंदलेल्या व्यवहारांचे सूची क्रमांक दोनचे उतारे काढले आणि त्यांच्या हाती दिले. माझ्या तोंडच्या आकड्यावर ते चिडले असते. शेजाऱ्याच्या खरेदीखतातल्या आकड्यावर चिडून काय करणार? गृहस्थ तासभर चष्मा लावून वाचत बसले. प्लॉट मात्र त्यांनी अजून विकलेला नाही. न विको; निदान रात्रीचे फोन थांबले.

तिसऱ्या प्रकाराला मी दारातूनच नमस्कार करतो. पांढरकवड्याजवळ टिपेश्वरला वाघांचा बोलबाला झाल्यापासून शहरातल्या काही मंडळींना वाघाच्या शेजारी वावर हवे असते. यातले पुष्कळसे शेतकरी नसतात, आणि विदर्भाच्या १९५८ च्या कूळ कायद्याप्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. त्यात जमीन आदिवासीची असली, तर १९६६ च्या महसूल संहितेचे कलम ३६-अ आडवे उभे असते: जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून, आणि तीही सरकारच्या पूर्वसंमतीने, ती दुसऱ्याकडे जाऊच शकत नाही. मग मंडळी डोळा मिचकावून म्हणतात, "दुसऱ्याच्या नावावर करू ना!" अशा गिऱ्हाइकाला हाताळायचे नसते. त्याला चहासुद्धा देऊ नये; चहाने आशा वाढते.

परंतु मला ज्यांच्याविषयी लिहायचे आहे ते लबाडही नव्हते आणि हौशीही नव्हते. आझाद मैदानाजवळच्या जुन्या वस्तीतले एक घर. वडिलांनी नोकरीच्या पैशांतून बांधलेले. वडील मृत्युपत्र न करता वारले. थोरले चिरंजीव पुण्याला, धाकटे नागपूरला, आई घरात. घेणारे एक निवृत्त मास्तर, निवृत्तीची सगळी पुंजी घेऊन आलेले. किंमत अठ्ठेचाळीस लाखांवर ठरली. थोरल्यांनी माझ्या टेबलावर कागद ठेवले. आखीव पत्रिकेवर वारस लावण्यासाठी केलेल्या अर्जात नावे तीन होती. दोन भाऊ आणि आई.

मी घर पाहायला गेलो तेव्हा बैठकीत भिंतीवर एक फोटो होता. आई, वडील, दोन मुलगे, आणि मधोमध दोन वेण्यांची एक मुलगी.

"ही कोण हो, आजी?"

"थे आमची ताई. दिग्रसले देल्ली."

मी थोरल्यांकडे पाहिले. ते म्हणाले, "तिचं लग्नात सगळं केलंय. तिचा काही प्रश्न नाही."

वाचकहो, हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे की, आता ते आपोआप ऐकू येते. पुष्कळांची अशी समजूत असते की, मुलीचा हक्क हे २००५ साली निघालेले नवे खूळ आहे. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीपुरती. वडिलांनी स्वतः कमावलेले घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस आहे ती १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच. म्हणजे या घराला चार वारस, प्रत्येकाचा पाव हिस्सा. मी तसे सांगितले मात्र, थोरले खुर्चीवरून उठलेच. "तुम्ही दलाल आहात का तिचे वकील?" म्हणाले. आणखीही बरेच म्हणाले. ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नाही.

रागाला त्याच दिवशी उत्तर द्यायचे नाही, हा माझा एक जुना नेम आहे. दोन दिवसांनी मी त्यांना एक पत्र लिहिले. पत्रात बहिणीचे नाव नाही, हक्क नाही, उपदेश नाही. एवढेच लिहिले, की खरेदीदाराचे वकील मागच्या नोंदी तपासतील. चौथा वारस निघाला तर मास्तर मागे हटतील. आणि न कळता व्यवहार झाला नि पुढे दावा लागला, तर मास्तर नुकसानभरपाई मागतील ती तुमच्याकडून. शिवाय तीन वारसांच्या त्या प्रतिज्ञापत्रावर सही तुमची आहे. माणूस दलालावर रागावू शकतो, बहिणीवर रागावू शकतो. स्वतःच्या सहीवर किती वेळ रागावणार?

तिकडे मास्तरांचा धीर सुटत चालला. रोज सकाळी सातला फोन. "इसार दिलाय मी, माझे पैसे अडकले!" एके दिवशी त्यांनी मला चोर म्हटले. त्यांना मी सांगितले, "मास्तर, तुमचे पैसे अडकलेत ते वाचावेत म्हणून." बोलता बोलता हेही सांगितले, की २०२१ पासून घर बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. मास्तर गणिताचे. अठ्ठेचाळीस हजार त्यांनी क्षणात काढले आणि प्रथमच गप्प झाले. पलीकडून त्यांच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "म्हणजे खरंच माझ्या नावावर? का दागिन्यांसारखं?"

धाकट्या भावाच्या सांगण्यावरून मी दारव्ह्यावरून एस.टी.ने दिग्रस गाठले. ताई अंगणवाडीत काम करणाऱ्या. यजमानांचे दुखणे जुने, मुलगी नर्सिंगला. भावाचा फोन त्यांना येऊन गेला होता. भाऊबिजेला ये, साडी घेऊ, एका कागदावर सही कर. त्यांनी मला विचारले, "कागद कसला?" मी म्हटले, "हक्कसोड पत्र असेल. तुम्ही खुशीने दिलेत तर कायद्याला हरकत नाही. पण वाचून सही करा. तुमचा हिस्सा बारा लाखांचा आहे." मी ना त्यांचा वकील, ना नातेवाईक. आकडा सांगणे एवढेच माझे काम होते, आणि तेही न सांगता परतलो असतो तर मग मास्तर म्हणाले तो शब्द खरा ठरला असता.

त्या बऱ्याच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "घ्यावं तर माहेर तुटते. न घ्यावं तर पोरीची फी." थोड्या वेळाने, "आईचं काय ठरलं?"

हा प्रश्न तोवर कोणीच विचारला नव्हता. मी परत येऊन आजींना विचारला. त्या म्हणाल्या, "मले कोनी इचारलं बापा? मोठा म्हन्ते पुन्याले चाल. मी काय करू तिथं? दार उघडलं का समोर दुसऱ्याचं दार."

त्यानंतर पाच महिने गेले. ते सगळे सांगत बसत नाही. थोरले दोनदा व्यवहार मोडायला निघाले. ताईंनी हिस्सा घ्यायचे ठरवले आणि तसे भावाला स्वतः फोन करून सांगितले; मी मध्ये पडलो नाही. आजींनी सांगितले की, वडगावकडे दोन खोल्या मिळाल्या तर तिथे राहीन, म्हणजे देऊळ आणि डॉक्टर सुटणार नाही. त्यांचे बारा लाख पुरेनात. ताईंनी आपल्यातले चार घातले आणि दोन खोल्या मायलेकींच्या नावावर ठरल्या. यावर थोरले म्हणाले, "म्हणजे आईनंतर तेही तिचंच!" ही भीती अगदीच पोकळ नव्हती, म्हणून मी ती हसण्यावारी नेली नाही. आजी आपल्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र करू शकतात, ते कोणाच्या नावे करायचे हे त्यांनी ठरवायचे, असे सर्वांदेखत सांगितले. आजी म्हणाल्या, "आधी मले राहू तर द्या!" धाकटे हसले; थोरले हसले नाहीत, पण बसले.

खरेदीच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ‘लिहून देणार’ चौघे होते. बहीण एका बाकावर, थोरले दुसऱ्या. मास्तरीण बाई नवे लुगडे नेसून ‘लिहून घेणार’ म्हणून बसल्या होत्या, आणि मास्तर त्यांच्या पिशवीवर लक्ष ठेवून उभे. फोटो झाले, अंगठे सुरू झाले. आजींचा अंगठा यंत्र घेईना. जन्मभर भांडी घासून रेषा पुसट झालेल्या. एकदा नाही, दोनदा नाही. कारकून म्हणाला, "पुसून घ्या, कोणीतरी पुसून द्या."

थोरले उठले. खिशातून रुमाल काढला, आईचा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठा बराच वेळ पुसत राहिले. चौथ्या खेपेला यंत्राने घेतला.

"पुढचं नाव," कारकून म्हणाला. आणि ताई बाकावरून उठल्या.